कलम ६४ : गुलामीविरोधी कायद्यातून कोण वगळलं गेलं?



या विषयावर दोन टोकाची मतं मला नेहमी ऐकायला मिळतात. एक म्हणजे, मिशनरी आणि त्यांचे पाठीराखे फक्त धर्मांतरासाठी आले. दुसरं म्हणजे, ते आले म्हणून आपण माणसात आलो. आज मी ही दोन्ही मतं एका कायद्याच्या एका कलमावर तपासून पाहणार आहे.

विल्यम विल्बरफोर्स, थॉमस फॉवेल बक्स्टन, चार्ल्स ग्रँट हे ब्रिटिश पार्लमेंटमधले इव्हँजेलिकल ख्रिस्ती खासदार. गुलामी हे पाप आहे, असं ते मानत. वीस वर्षं लढून विल्बरफोर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८०७ मध्ये गुलामांचा व्यापार कायद्याने बंद करून घेतला. १८१३ मध्ये कंपनीच्या सनदेवर चर्चा झाली, तेव्हा विल्बरफोर्स जातिव्यवस्थेविरुद्ध बोलले. मिशनऱ्यांना हिंदुस्थानात येण्याची वाट मोकळी झाली, शिक्षणासाठी वर्षाला एक लाख रुपयांची तरतूद झाली. हे श्रेय त्यांचं आहे, आणि ते दिलं पाहिजे.

पण पुढचं पान उलटा. १८३३ चा गुलामी निर्मूलन कायदा. त्याच्या ६४ व्या कलमाने ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख, सिलोन आणि सेंट हेलेना यांना वगळलं. वेस्ट इंडीजमधल्या मळेवाल्यांसह गुलामांच्या मालकांना भरपाई म्हणून दोन कोटी पौंड मंजूर झाले. गुलामांना एक छदामही नाही. त्यांच्या मुक्तीमागे नुसती लंडनची सद्‌बुद्धी होती असंही नाही. १८३१ च्या नाताळात जमैकाचे गुलाम उठले होते. त्यांचा पुढारी सॅम शार्प हा बाप्टिस्ट चर्चचा डीकन होता. त्याला फाशी झाली. बायबल खासदारांचं होतं, तसंच त्याचंही होतं.

कंपनीच्या मुलुखात गुलाम नव्हते का? मलबारमध्ये चेरुमा आणि पुलया शेतीबरोबर विकले जात, गहाण पडत. इथली गुलामी जातीच्या आत लपलेली होती, म्हणून तिला ‘रूढी’ म्हणणं सोपं होतं. रूढीत हात घालायचा म्हणजे जमीनदार दुखवायचे, आणि जमीनदार दुखावला की महसूल धोक्यात. पाप वेस्ट इंडीजमध्ये पाप ठरलं. मलबारमध्ये ते प्रशासनाचा प्रश्न झालं.

दहा वर्षांनी, १८४३ चा पाचवा कायदा आला. कोर्टाने गुलामावरचा हक्क मानू नये, साऱ्याच्या थकबाकीसाठी सरकारी अधिकाऱ्याने माणूस विकू नये, असं त्यात होतं. म्हणजे तोवर काय चालत होतं, ते कायदाच सांगतो. शेजारच्या त्रावणकोर संस्थानात १८४७ मध्ये मिशनऱ्यांनी राजाकडे अर्ज केला; गुलामी बंद व्हायला १८५५ उजाडलं. जमीन मात्र कुठेच मिळाली नाही. सुटलेला गुलाम त्याच बांधावर मजूर म्हणून उभा राहिला.

चर्चमध्ये गेलेल्यांच्या मागेही जात गेली. पोयकयिल अप्पच्चन ख्रिस्ती झाले, तिथलीही जात पाहून बाहेर पडले आणि त्यांनी आपल्या लोकांची स्वतंत्र सभा उभारली. अय्यंकालींनी शाळेच्या दारासाठी शेतमजुरांचा संप घडवला. अर्जाने न उघडलेलं दार त्यांनी पेरणी थांबवून ठोठावलं.

आपले जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. १८७३ मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामीविरोधी लोकांना अर्पण केली. कृतज्ञता त्यांनी लपवली नाही. पण त्याच वर्षी सत्यशोधक समाज काढला, तो आपल्या माणसांच्या बळावर.

मला तोच हिशेब बरोबर वाटतो. ज्याने दार उघडलं त्याचं नाव घ्या. त्याने कोणती दारं बंद ठेवली, तेही लिहून ठेवा. २००७ मध्ये केरळच्या चेंगरात भूमिहीन दलित आणि आदिवासी कुटुंबं रबराच्या मळ्यात शिरून बसली, ती जमिनीसाठी. १८४३ च्या कायद्यात जे नव्हतं, तेच ती मागत होती.

जय भीम, जय जोती.