पोरगी आहारशास्त्र शिकते म्हणजे काय शिकते?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही गिरणी कामगार. शाळा थोडी, बाकीचे शिक्षण वाचनालयात झाले. समितीने बारावीनंतरच्या शिक्षणावर दोन शब्द बोलायला सांगितले. डॉक्टर-इंजिनीअर होण्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. आम्ही आहारशास्त्राच्या पदवीवर बोलणार आहोत.

वस्तीत एखाद्या मुलीने हे नाव काढले की घरात पहिला सवाल येतो, "स्वयंपाक शिकायला कॉलेज कशाला? तो आई शिकवील की!" बाबांनो, हा स्वयंपाकाचा वर्ग नव्हे. यात रसायनशास्त्र आहे, शरीर कसे चालते ते आहे, जंतूंचा अभ्यास आहे. मूत्रपिंड बिघडलेल्या माणसाला मीठ किती, पाणी किती, डाळ किती, हे वजन करून ठरवावे लागते. तिथे अंदाज चुकला तर जिवावर बेतते. म्हणून मुलीला अकरावीला विज्ञान शाखा घेऊ द्या, पुढचे रस्ते मोकळे राहतात.

आपल्या वस्तीला याची गरज काय? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या शंभर बायकांत 54 जणींच्या अंगात रक्त कमी निघाले. म्हणजे इथे बसलेल्या दोन भगिनींपैकी एक धरा. डॉक्टर गोळ्या लिहून देतो, पण ताटात काय घालायचे ते कोण सांगणार? पुस्तकी तक्ता सांगतो ओट खा, ब्रोकोली खा. आपल्या घरात असते सुकट, कलेजी, वजडी, बाजरी, नाचणी. ही काय कमी प्रतीची आहेत? शंभर ग्रॅम नाचणीत तेवढ्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट कॅल्शियम असते. कलेजीत लोह भरपूर. उसळीवर लिंबू पिळले तर तिच्यातले लोह अंगी लागते आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर ते वाया जाते. आपल्या खाण्याला नाक न मुरडता, त्यातले शास्त्र ओळखून सांगणारी बाई आपल्याच घरातून निघाली पाहिजे.

तथागतांची गोष्ट आपण ऐकली आहे. आळवी नगरात एक गरीब शेतकरी हरवलेला बैल शोधून दमून, उपाशीपोटी आला. त्याला आधी जेवू घातले, मगच धम्म सांगितला. भुकेल्याच्या कानात उपदेश शिरत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

आता कॉलेजचे बोलू. महर्षी कर्व्यांनी 1916 मध्ये महिला विद्यापीठ काढले. 1920 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी या गिरणीमालकाने त्याला पंधरा लाख रुपये दिले, म्हणून त्याला त्यांच्या आईचे नाव लागले. तेच आपले एस.एन.डी.टी. त्याच्या जुहूच्या आवारात विठ्ठलदासांच्या नावाचे गृहविज्ञान महाविद्यालय आहे, तिथे हा विषय शिकवतात. घाटकोपरहून मेट्रोने अंधेरी, लोकलने सांताक्रूझ, पुढे बस. एके काळी मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना विणाई खात्यात घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि आपली थुंकी इतरांना विटाळ वाटे. बाबासाहेबांनी 1928 च्या संपात हा प्रश्न लावून धरला. त्या गिरण्यांच्या पैशावर उभ्या राहिलेल्या विद्यापीठात शिकून आपली मुलगी दुसऱ्याच्या तोंडी काय जावे ते ठरवील. आम्हाला याचे मोल फार वाटते.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, फसू नका. 2021 च्या कायद्याने आहारतज्ज्ञ हा आरोग्यसेवेतला व्यवसाय मानला गेला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून या विषयाचे शिक्षण दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने द्यायला मनाई केली. तेव्हा घरबसल्या पदवी देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. तीन महिन्यांच्या सर्टिफिकेटलाही पदवी समजू नका. पदवीनंतर पुढचे शिक्षण आणि इस्पितळातली उमेदवारी लागते, वर्षे जातात, त्याची तयारी ठेवा.

दुसरी, कागद. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्राच्या सवलती मिळाल्या. वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, अर्ज महाडीबीटीवर भरायचा. जातीचा दाखला, वैधता, उत्पन्नाचा दाखला निकाल लागण्याआधीच काढून ठेवा. दाखल्यापायी प्रवेश हुकला तर वर्ष मुलीचे जाते.

समितीला आमची सूचना आहे की जून महिन्यात दर रविवारी विहारात फॉर्म भरायला एक टेबल लावावे. आम्ही स्वतः तिथे बसू. आणि आईबापांना विनंती, पोरीच्या लग्नासाठी जमवलेल्या पैशातली पहिली रक्कम तिच्या फीसाठी काढा.

एवढे बोलून आम्ही आमचे दोन शब्द संपवतो. जय भीम!