सर्दी आणि श्लेष्मा



कोल्हापूरहून दक्षिणेस निघालें म्हणजे वेदगंगेच्या खोऱ्यांत गारगोटी लागते. थंडीच्या दिवसांत या मुलखांतील एखाद्या गुऱ्हाळावर घटकाभर उभें राहून पाहावें. काहिलींतील उसाचा रस तापूं लागला, कीं जुन्या रीतीचा गुळव्या त्यांत रानभेंडीचा चिकट रस ओततो. रसांतील केरकचरा त्या बुळबुळीत द्रवाला चिकटून मळीच्या रूपानें वर येतो आणि झाऱ्यानें काढून टाकतां येतो. तो चिकटा कोणी हौसेनें हातांत घेणार नाहीं; पण त्याच्यावांचून गूळ स्वच्छ उतरत नाहीं.

आपल्या नाकांत हेंच काम श्लेष्मा करतो. शेंबूड हा शब्द चारचौघांत उच्चारावयाची चोरी, म्हणून मीं हा संस्कृत शब्द घेतला आहे. पण तो अर्थानेंहि चपखल आहे. श्लिष् म्हणजे चिकटणें, आलिंगन देणें. काव्यांतला श्लेष आणि नाकांतला श्लेष्मा हे एकाच धातूचे पुत्र आहेत, हें ऐकून आमच्या साहित्यिक मित्रांनीं रागावूं नये!

सर्दी नसतांनाहि श्लेष्मा रात्रंदिवस तयार होतच असतो. नाकाच्या अस्तरांत पेल्याच्या आकाराच्या पेशी असतात व त्यांच्याखालीं लहान लहान ग्रंथि. त्यांत म्यूसिन नांवाचीं लांबलचक प्रथिनें दाबून भरलेलीं असतात. बाहेर पडतांच तीं पाणी शोषून शेंकडों पटींनीं फुगतात. म्हणून श्लेष्म्याचा शेंकडा ९५ च्या आसपास भाग नुसतें पाणीच असतो. या थराखालचे अतिसूक्ष्म केस सेकंदाला १० ते १५ वेळां हालतात आणि धूळ, पराग, जंतु चिकटलेला थर घशाकडे ढकलतात. १०-२० मिनिटांत जुना थर जाऊन नवा येतो. जुना आपण नकळत गिळतों. पुढचें काम जठरांतलें आम्ल पाहतें.

आतां सर्दीकडे वळूं. १९१४ सालीं लाइपझिग येथील वाल्थर क्रूझे यांनीं सर्दी झालेल्या माणसाचा स्राव जीवाणु अडतील अशा बारीक गाळणींतून गाळला आणि निरोगी माणसांच्या नाकांत सोडला. त्यांतील कांहींना सर्दी झाली! म्हणजे अपराधी जीवाणूहून सूक्ष्म होता. १९५० नंतरच्या दशकांत ऱ्हायनोव्हायरस हा विषाणु हातीं लागला. त्याचे १६० हून अधिक प्रकार आज ठाऊक आहेत, म्हणून एकदां सर्दी होऊन गेली तरी ती पुनः येतेच.

हा विषाणु पेशींत शिरला, कीं पेशी धोक्याचे रासायनिक निरोप धाडतात. रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंतींतून पाणी झिरपतें, मज्जातंतु ग्रंथींना चेतवितात. पहिले दोन दिवस नाक नळासारखें वाहतें तें यामुळें. नाक चोंदतें तें मात्र मुख्यतः अस्तर सुजल्यामुळें. म्हणूनच कितीहि शिंकरलें तरी वाट मोकळी होत नाहीं. उलट, फार जोर केल्यास श्लेष्मा गालाकपाळाच्या पोकळ्यांत शिरूं शकतो. एका वेळीं एकच नाकपुडी, आणि तीहि हलक्या हातानें शिंकरावी.

तिसऱ्या-चौथ्या दिवशीं श्लेष्मा घट्ट होतो, पिवळा-हिरवा दिसूं लागतो, आणि येथेंच घरोघर घोटाळा होतो. "सर्दी पिकली, आतां अँटिबायोटिक द्याच," असा आग्रह डॉक्टरांकडे धरला जातो. पण हा हिरवेपणा आपल्याच पांढऱ्या रक्तपेशींचा आहे. जंतूंशीं लढावयास त्या धांवून येतात. त्यांच्यापाशीं एक लोहयुक्त हिरवट द्रव्य असतें, तेंच त्यांचें अस्त्र. त्या लाखोंनीं जमल्या, मेल्या, कीं तोच रंग श्लेष्म्याला येतो. रात्रभर सांचलेला श्लेष्मा सकाळीं अधिक हिरवा दिसतो, त्यानें घाबरूं नये. अँटिबायोटिक जीवाणूंना मारतें, विषाणूंना नाहीं. विनाकारण दिलेल्या औषधानें अंगांतले जीवाणु मात्र त्याला दाद न देण्यास शिकतात, आणि उद्यां खरोखरीच न्यूमोनिया झालेल्या मुलाला तेंच औषध निकामी ठरण्याचा संभव वाढतो. केवळ रंग पाहून गोळी मागणें मला म्हणूनच निरुपद्रवी वाटत नाहीं.

धाप लागली, श्वास घेतांना मुलाच्या बरगड्यांखालीं खळगा पडूं लागला, तान्हें मूल पीत नाहींसें झालें, १० दिवसांतहि उतार पडला नाहीं, किंवा बरें वाटूं लागल्यावर पुनः ताप चढला, तर विलंब न करतां डॉक्टरांकडे जावें. एरवीं ऊन पाणी, पातळ कढण आणि विश्रांति यांवर भागतें.

गारगोटीच्याच तालुक्यांतील पाटगांव मधासाठीं नांवाजलेलें आहे. मोठ्या मुलाला खोकला असेल, तर चमचाभर मध खुशाल द्यावा. परंतु एक वर्षाच्या आंतील बाळाला तो बोटभरहि चाटवूं नये. आपल्याकडे बाळाला मध चाटविण्याची जुनी चाल आहे, म्हणून हें मुद्दाम सांगतों. मधांत क्वचित् बोट्युलिझमच्या जीवाणूंचीं बीजें असतात, आणि बाळाच्या कोंवळ्या आंतड्यांत तीं रुजून प्राणघातक विष तयार करूं शकतात.