संध्याकाळची हजेरी

तोंडाला रंग फासून विंगेत ताटकळलेल्या मुलांनो,

पाहुण्याचे भाषण लांबले की रंग ओघळतो, हे औंधात तरी कुणी सांगावे लागू नये. या गावच्या राजालाच रंगांचे वेड होते. भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी १९०९ साली गादीवर आले. त्यांनी रामायणावर चित्रे काढली, १९३५ साली इंदूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले, १९३८ साली यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उभे केले. शिवाय ते कीर्तन करीत. गादीवर बसलेल्या माणसाची चूक दरबार झाकून नेतो. कीर्तनाला उभा राहिला की सूर ढळलेला मागच्या रांगेतल्या म्हातारीलाही कळतो. तरी हा राजा उभा राहत असे.

त्यांचा एक हट्टही सांगायला हवा. सूर्यनमस्कार! संस्थानातल्या शाळांत ते सक्तीचे होते. हेतू आरोग्याचा, पण सक्ती ती सक्तीच.

असा हट्टी माणूस १९३९ च्या जानेवारीत राज्यकारभार रयतेच्या हाती सोपवणारी घटना मान्य करतो, हे औंधचे खरे नवल. संस्थान अवघ्या ७२ गावांचे, तेही सलग नाही. एक तुकडा इथे, एक आटपाडीला, एक कुंडलला. घटनेमागे गांधीजींचा सल्ला होता, राजपुत्र अप्पासाहेब पंतांची धडपड होती. मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलंडहून आलेले इंजिनिअरही त्यात होते. गांधीजी त्यांना भारतानंद म्हणत. आजचा राजा भला आहे, पण उद्याचा कसा निघेल याची हमी कोण देणार? तेव्हा राजाच्या भलेपणावर विसंबण्याऐवजी सारे कागदावर आणलेले बरे, असा हा रोकडा हिशेब होता. आणि खुद्द राजाने तो पटवून घेतला.

त्याच सुमारास आटपाडीजवळच्या माळावर स्वतंत्रपूर वसले. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी, पण भोवती तट नाही, पायात बेडी नाही. जमीन कसायची, कष्ट करायचे, बायकामुलांसह राहायचे. संध्याकाळी मात्र हजेरी.

या हजेरीपाशी जरा थांबायला हवे. कैद्यांवर भाबडा भरवसा असता तर हजेरी कशाला लागली असती? आणि नुसता संशय असता तर सरळ कुलूप ठोकले असते. माणूस घसरू शकतो, हे धरूनच त्याला दिवसभर मोकळे सोडले होते. खुनाचा डाग असलेल्या माणसाला रोज संध्याकाळी आपल्या पायांनी परत यावे लागे, आणि ते परत येणे ही त्याची रोजची नवी साक्ष असे.

याच मुलखातला एक मुलगा औंधच्या शाळेत शिकला. १९१९ साली शेटफळ्याला जन्मलेले गजानन दिगंबर माडगूळकर. मॅट्रिकला गणिताने दगा दिला. (समोरच्या रांगेतल्या गणिताच्या सरांनी रागावू नये.) पुढे स्वतंत्रपूरच्या प्रयोगाचा धागा धरून त्यांनी ‘दो आँखें बारह हाथ’ची कथा लिहिली आणि १९५७ साली व्ही. शांताराम यांनी तो चित्रपट पडद्यावर आणला. बर्लिनच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्यातला जेलर सहा खुन्यांना घेऊन ओसाड जमिनीवर येतो. गंमत अशी, की गदिमांनी कैद्यांना साधू केले नाही. त्यांचे मन डळमळते, ते पळूही पाहतात. जेलरच्या डोळ्यांची आठवण त्यांना मागे ओढते. आपल्या मुलखात घडलेली गोष्ट नापास झालेल्या पोराने जगाला सांगितली, आणि माणसाचा कच्चा भाग वगळून ती गोड केली नाही.

स्वतंत्रपूर काही फार लांब नाही. सुट्टीत आटपाडीच्या एसटीत बसा, दिवेलागणीच्या आत पोचा.

विंगेतून मिशी गळालेला एक मावळा मघापासून डोकावतो आहे. पडदा उघडू द्या.