रेल्वेचे धोरण आणि विरोधी बाकावरील सभासद
(व्याख्यानाचा मजकूर)



आपल्यापैकी बहुतेक कुटुंबांचा रेल्वेशी नित्याचा संबंध आहे. कोणी रुळांवर गँगमन आहे, कोणी कारखान्यात खलाशी आहे. ज्यांचा नोकरीने संबंध नाही त्यांचा प्रवासी म्हणून आहेच. विजयादशमीला नागपूरची दीक्षाभूमी आणि ६ डिसेंबरला दादरची चैत्यभूमी गाठणारा आपला समाज बव्हंशी बिनराखीव डब्यातूनच जातो. तरीही त्या डब्यांची संख्या किती असावी, भाडे काय असावे, लोहमार्ग कोणत्या तालुक्यातून जावा, हे कोण ठरवितो असे विचारले, तर ‘सरकार’ एवढेच उत्तर मिळते. हे उत्तर अपुरे आहे. सरकार ठरविते हे खरे. परंतु ठरविलेल्या गोष्टीबद्दल सरकारला भर सभागृहात जाब विचारण्याचा अधिकार राज्यघटनेने काही माणसांना दिलेला आहे, आणि त्या माणसांना आपण निवडून देतो. आज मला त्या अधिकाराविषयी आणि तो वर्षानुवर्षे नेटाने वापरणाऱ्या एका सभासदाविषयी बोलावयाचे आहे.

प्रथम कायद्याचे थोडेसे. घटनेच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीत २२ व्या क्रमांकावर रेल्वे आहे. म्हणजे रेल्वेविषयी कायदा करण्याचा अधिकार संसदेचा, विधानसभेचा नव्हे. आपला आमदार कितीही कळकळीचा असला, तरी रेल्वेबाबत तो फार तर विनंती करू शकेल. जाब विचारावयाचा तो खासदाराने. कलम ११३ अन्वये सरकारच्या खर्चाच्या मागण्या लोकसभेपुढे येतात, आणि त्या मंजूर करणे, नामंजूर करणे किंवा त्यांत कपात करणे हा लोकसभेचा हक्क आहे. याच हक्कातून कपात सूचना निघते. ती तीन प्रकारची असते. सरकारचे धोरणच मान्य नसेल तर मागणीची रक्कम एक रुपयावर आणावी अशी सूचना मांडतात. खर्च फाजील वाटला तर ठराविक रक्कम कमी करा असे म्हणतात. आणि एखाद्या विशिष्ट गाऱ्हाण्याकडे लक्ष वेधावयाचे असेल तर शंभर रुपये कमी करा म्हणतात. शंभर रुपये हे ऐकून हसू येते. परंतु त्या शंभर रुपयांसाठी मंत्र्याला उभे राहून त्या गाऱ्हाण्याचे उत्तर द्यावे लागते, आणि ते उत्तर कामकाजाच्या इतिवृत्तात कायमचे नोंदले जाते. बहुमत सरकारचे असल्यामुळे सूचना पडतेच. नोंद मात्र पडत नाही. वकिलाला नोंदीची किंमत कळते.

पूज्य बाबासाहेबांनी २२ डिसेंबर १९५२ रोजी पुण्याच्या जिल्हा विधी ग्रंथालयात लोकशाही यशस्वी होण्याच्या अटींवर भाषण केले. त्या अटींत विरोधी पक्षाचे अस्तित्व ही एक अट त्यांनी गणली होती. पाच वर्षांनी एकदा मतदाराने सत्तेला नकार देणे पुरेसे नाही. सत्तेला तत्काळ आव्हान देणारे कोणीतरी संसदेत बसलेले असले पाहिजे, असा त्यांचा आशय होता. हे आव्हान प्रत्यक्षात कसे दिले जाते, याचे उदाहरण म्हणून मी प्राध्यापक मधु दंडवते यांचे नाव घेतो.

दंडवते आपल्या चळवळीतले नव्हते. ते समाजवादी होते. तथापि आपल्याला ते अगदी परके नाहीत. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत स्थापन केलेल्या सिद्धार्थ महाविद्यालयात ते पदार्थविज्ञान शिकवीत असत. आपल्या कित्येक घरांतील पहिल्या पदवीधरांचे जे महाविद्यालय, त्याच महाविद्यालयाचे हे अध्यापक १९७१ साली राजापूर मतदारसंघातून लोकसभेत गेले. १९५७ पासून १९७१ च्या जानेवारीत मृत्यू येईपर्यंत त्या मतदारसंघाचे प्रतिनिधी बॅरिस्टर नाथ पै होते. कोकणाला रेल्वे हवी ही मागणी नाथ पै यांनी संसदेत लावून धरली होती. दंडवत्यांना मतदारसंघाबरोबर ही मागणीही मिळाली.

कोकणाला रेल्वे हवी म्हणजे काय, हे देशावरच्या आणि विदर्भातल्या मंडळींना सांगावयास हवे. मुंबई-ठाणे पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. भोरघाट दहा वर्षांत फुटला. आणि मुंबईच्या अगदी दारात असलेला रत्नागिरी जिल्हा पुढची सव्वाशे वर्षे रुळांवाचून राहिला. मुंबईच्या गिरण्या, गोदी आणि पलटणी यांना माणसे पुरविणारा हा जिल्हा. बाबासाहेबांच्या पूर्वजांचे आंबडवे गाव याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात आहे. चाकरमानी गावी जावयाचा तो बोटीने, नाहीतर पुढच्या काळात एस.टी.ने घाट चढत-उतरत. पावसाळ्यात बोटी बंद. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे समुद्रात गेली. ती गटारी अमावस्येची गर्दी होती असे जुने लोक सांगत. ज्यांना दुसरा मार्गच नव्हता त्यांच्या गर्दीला नावे ठेवणे सोपे असते.

सरकारचे धोरण काय होते? नवा मार्ग बांधावयाचा तर गुंतविलेल्या भांडवलावर पुरेसा परतावा मिळाला पाहिजे. कोकणात डोंगर, खाड्या, दऱ्या, खर्च प्रचंड, नेण्यासारखा माल थोडा. म्हणून मार्ग परवडत नाही. हिशेब म्हणून यात खोट काढणे कठीण आहे. परंतु हा हिशेब गोल फिरतो. मार्ग नाही म्हणून कारखाना नाही, कारखाना नाही म्हणून माल नाही, आणि माल नाही म्हणून मार्ग नाही. मी यात एक गोष्ट माझ्या पदरची जोडतो. इंग्रजी अमलात ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीने याच सह्याद्रीच्या घाटात रूळ टाकले, तेव्हा विलायतेतील भागधारकांना पाच टक्के व्याजाची हमी सरकारी तिजोरीने दिली होती. मिळकत कमी पडली तर भरपाई इथल्या करदात्याने करावयाची. परक्या भागधारकाला परताव्याची हमी आधी मिळाली. कोकणातल्या माणसाला मात्र, तुझा परतावा आधी दाखव, मग रूळ मागावयास ये, असे सांगण्यात आले. त्या पहिल्या हमीचे पैसे ज्यांच्या शेतसाऱ्यातून गेले, त्यांत त्याचे आजोबा-पणजोबाही होते.

विरोधी बाकावरून दंडवत्यांनी या धोरणाशी झुंज घेतली ती आरडाओरड करून नव्हे. पदार्थविज्ञानाच्या माणसाला आकडे प्रिय असतात, आणि मंत्र्याला अडचणीत आणणारी गोष्ट म्हणजे त्याच्याच खात्याचा आकडा. सभागृहात त्यांचा विनोद प्रसिद्ध होता, परंतु तो अभ्यासावर उभा असे.

या झुंजीची दुसरी बाजू रेल्वेच्या कामगारांची होती. ८ मे १९७४ रोजी देशभर रेल्वेचा संप सुरू झाला. जॉर्ज फर्नांडिस यांना त्याआधीच, २ मे रोजी अटक झाली होती. वीस दिवसांनी, २७ मे रोजी, संप मागे घ्यावा लागला. हजारो कामगार तुरुंगात गेले, हजारो नोकरीतून काढले गेले, कित्येकांच्या बायकामुलांना रेल्वेच्या घरांतून बाहेर काढले. आपल्या वस्त्यांत ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांच्या घरी याची आठवण अजून निघते. दंडवते संपकऱ्यांच्या बाजूचे होते. पुढच्याच वर्षी, २६ जून १९७५ रोजी, आणीबाणीच्या पहिल्या दिवशी, संसदीय समितीच्या कामासाठी बंगळूरला गेले असता त्यांना अटक झाली. संसदेचे काम करीत असलेला सभासद स्थानबद्ध झाला, आणि त्याच्या सुटकेचा अर्ज ऐकण्याचा न्यायालयाचा अधिकारही पुढे नाकारला गेला. विरोधी बाकाची किंमत कधीकधी इतकी असते.

१९७७ च्या मार्चमध्ये हेच दंडवते रेल्वेमंत्री झाले. इथे खरी परीक्षा होती. सत्तेबाहेर असताना मागितलेली गोष्ट सत्तेत आल्यावर ‘अव्यवहार्य’ ठरविणारे पुष्कळ पाहिले आहेत, आणि त्यांत सर्व पक्ष येतात. दंडवत्यांनी १९७४ च्या संपात काढलेल्या कामगारांना परत घेतले. तिसरा वर्ग १९७४ सालीच नावाने रद्द झाला होता. पाटी बदलली, परंतु लाकडी फळी तीच राहिली होती. त्या फळीवर दोन इंच जाडीचा फोम चढविण्याचे काम त्यांनी सुरू केले. २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस निघाली, तिला पहिला वर्गच ठेवलेला नव्हता. दोन इंच ही गोष्ट लहान वाटेल. रात्रभर फळीवर पाठ टेकून नागपूरला गेलेल्या माणसाला ती लहान वाटणार नाही.

कोकण रेल्वे मात्र त्यांच्या हातून त्या वेळी झाली नाही. १९७९ च्या जुलैमध्ये सरकार गेले. रोह्यापर्यंत रूळ पोहोचावयास १९८६ साल उजाडले. दंडवते पुन्हा विरोधी बाकावर, पुन्हा तीच मागणी. १९८९ च्या डिसेंबरात ते अर्थमंत्री झाले आणि फर्नांडिस रेल्वेमंत्री. तेव्हा परताव्याच्या त्या गोल हिशेबातून वाट काढली गेली ती अशी की, मार्गासाठी स्वतंत्र महामंडळ काढावे, त्यात केंद्राबरोबर महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आणि केरळ यांनी भागभांडवल घालावे, आणि उरलेला पैसा लोकांकडून रोख्यांनी उभारावा. १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे महामंडळाची नोंदणी झाली. २६ जानेवारी १९९८ रोजी रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग पूर्णपणे खुला झाला. गंमत अशी की, काम सुरू झाल्यानंतर आलेल्या १९९१ च्या निवडणुकीत राजापूरच्या मतदारांनी दंडवत्यांना पराभूत केले. मला याचे फारसे वाईट वाटत नाही. मतदाराने कृतज्ञतेने बांधून घ्यावे असा कायदा नाही, आणि नसावा.

हा मार्गही सगळीकडे पोहोचला नाही. मंडणगड आणि दापोली तालुके त्याच्या बाहेरच राहिले. आंबडव्याला जावयाचे तर खेड स्थानकावर उतरून पुढे रस्त्याने जावे लागते. म्हणजे प्रश्न विचारण्याचे काम संपलेले नाही. उलट ते अवघड झाले आहे. १९२४ पासून रेल्वेचा अर्थसंकल्प स्वतंत्र मांडला जात असे. रेल्वेमंत्र्याचे भाषण देश ऐकत असे. २०१७ पासून तो सर्वसाधारण अर्थसंकल्पात मिळविला गेला. मागण्यांवर चर्चेचा हक्क शिल्लक आहे, परंतु वेळ संपला की कित्येक खात्यांच्या मागण्या चर्चेवाचून एकदम मताला टाकल्या जातात. २०२० च्या मार्चमध्ये साथीच्या निमित्ताने ज्येष्ठ नागरिकांची भाड्यातील सवलत थांबविली गेली. त्यापूर्वी साठीच्या पुरुषाला ४० टक्के आणि अठ्ठावन्न वर्षांच्या स्त्रीला ५० टक्के सूट मिळत असे. साथ ओसरल्यावर विरोधी सभासदांनी दोन्ही सभागृहांत याविषयी प्रश्न विचारले. रेल्वेमंत्र्यांचे उत्तर असे की, भाडे खर्चापेक्षा कमी असल्यामुळे प्रत्येकच प्रवाशाला मुळात सूट मिळते. प्रश्न म्हातारीचा होता, उत्तर सरासरीचे आले. अशा उत्तरावर पुढचा प्रश्न विचारावयास सभासदाच्या हाती माहिती लागते, आणि ती त्याला दिल्लीत बसून मिळत नाही.

ती आपण पुरवावयाची आहे. आपला खासदार कोणत्याही पक्षाचा असो, त्याला पत्र लिहा. ‘गाड्यांत फार गर्दी असते’ असे लिहू नका. त्याचा उपयोग शून्य. गाडीचा क्रमांक, तारीख, स्थानक, बिनराखीव डबे किती होते आणि किती माणसे फलाटावरच राहिली, एवढे लिहा. लोकसभेतील प्रश्न दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो आणि त्याची सूचना किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते. म्हणून अधिवेशनाच्या महिनाभर आधी पत्र त्याच्या हाती पडेल असे पाहा. पत्राची प्रत आणि पोच विहारात जपून ठेवा. उत्तर आले तर वंदनेनंतर सर्वांना वाचून दाखवा. न आले, तर पुढच्या अधिवेशनाआधी तीच प्रत जोडून पुन्हा पाठवा, आणि या वेळी दुसरी एक प्रत विरोधी पक्षाच्या सभासदालाही धाडा.