हिटलर कुणाला हवा?
(वर्धापनदिनी विहारात झालेल्या भाषणाचा मजकूर)



नांदेड-लातूरकडे चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास ऐकू येते, "या देशाला हिटलरच पाहिजे." आपली पोरंही ते बोलतात, म्हणून आज आम्ही हा विषय घेतला आहे.

हिटलर १९३३ साली सत्तेवर आला. त्याने पहिल्याच दिवशी माणसे मारली नाहीत. आधी ज्यूंच्या नोकऱ्या गेल्या. १९३५ च्या कायद्याने नागरिकत्व गेले, जर्मनांशी लग्न करणे गुन्हा ठरला. पोहण्याचे तलाव बंद झाले. नोव्हेंबर १९३८ मध्ये प्रार्थनामंदिरे जाळली, मुलांना शाळेतून काढले. १९४१ साली कपड्यावर पिवळा तारा लावण्याची सक्ती झाली. मग छळछावण्या आणि विषारी वायू. सुमारे ६० लाख ज्यू मारले गेले.

बंधूंनो, यातले आपल्याला नवे काय आहे? पाणवठा बंद, शाळा बंद, बेटीव्यवहार बंद, अंगावर ओळखीची खूण. गळ्यातले मडके आपण विसरलो का? बाबासाहेबांनी महायुद्ध चालू असतानाच लिहून ठेवले की, नाझींचा ज्यूद्वेष आणि अस्पृश्यांशी वागणारा सनातनीपणा यांत फरक नाही.

ज्यू आपल्याला परके नाहीत. कोकणात बेने इस्रायल लोक पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवीत, मराठी बोलत. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटले. हिटलरच्या काळात युरोपातूनही काही ज्यू मुंबईला आले. त्यांतले वॉल्टर कॉफमन १९३४ साली आले. आकाशवाणीची ओळखधून त्यांचीच मानली जाते. पण सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटले आणि इंग्रज सरकारने जर्मन पासपोर्टवाल्यांना 'शत्रूचे नागरिक' म्हणून धरले. हिटलरच्या भीतीने पळून आलेल्या ज्यूंनाही नाझींसोबत अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) छावणीत डांबले! पुढे चौकशी होऊन अनेकजण सुटले. माणूस न पाहता नुसता शिक्का पाहिला की असे होते.

शिक्क्याची आग आम्हीही सोसली. २७ जुलै १९७८ ला विद्यापीठ नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे शहीद झाले. त्या राखेतून उठलेल्या समाजाच्या तोंडी हिटलरचे कौतुक शोभत नाही. शिस्त हवी तर संविधान आहे, पंचशील आहे.

आणि दुसरी बाजूही ध्यानात ठेवा. उद्या शेजारच्या कुणावर, मग तो कोणत्याही धर्माचा असो, शिक्का मारला गेला, तर आपण दार लावून बसायचे नाही. तथागतांची मैत्री आपल्या गल्लीपुरती नाही.

माता-भगिनींना आमची विनंती आहे. रविवारी मुलांना विहारात पाठवा. बाबासाहेबांच्या चरित्राबरोबर त्यांना या ६० लाखांची गोष्टही सांगू. मग टपरीवरच्या त्या वाक्याला आपलेच पोरगे उत्तर देईल.

नमो बुद्धाय! जयभीम!