श्वासाचें माप



आपल्या मराठी भाषेनें 'दम' या एका शब्दावर केवढा संसार उभा केला आहे! आपण दम धरतों, दम खातों, प्रसंगीं दुसऱ्यास दम भरतों. परंतु हा दम मोजतां येतो, ही गोष्ट मात्र आपल्या घरांत अद्याप रुजलेली नाहीं. ताप आला तर आपण तापमापक लावतों, रक्तदाबाचा पट्टा दंडास बांधून घेतों. आणि धांप लागली म्हणजे 'वय झालें' किंवा 'दमा आहे' एवढें म्हणून स्वस्थ बसतों. म्हणून आज श्वासाच्या परीक्षेविषयीं चार शब्द सांगण्याचें योजिलें आहे. मी वैद्य नाहीं, शाळामास्तर आहें. मुलांस धडा समजावीत असें, त्याच रीतीनें हा विषय आपणांपुढें मांडतों.

इ. स. १८४६ मध्यें जॉन हचिन्सन नांवाच्या इंग्रज शस्त्रवैद्यानें या परीक्षेचा पाया घातला. पाण्यांत उपडें ठेवलेलें एक भांडें आणि त्यास जोडलेली नळी, एवढेंच त्याचें यंत्र. छातीभर श्वास घेऊन नळींत सोडला कीं भांडें वर उचललें जाई आणि किती हवा बाहेर पडली तें कळे. खलाशी, शिपाई, पहिलवान अशीं दोन हजारांवर माणसें त्यानें मोजलीं. उंची एक इंच वाढली कीं श्वासाचें माप सुमारें आठ घनइंच वाढतें आणि उतारवयांत तें घटतें, असें त्यास आढळून आलें. यंत्राचें नांव स्पायरोमीटर. आजचें यंत्र हातांत मावतें, पण काम तेंच आहे.

मात्र हवा किती, एवढें कळून भागत नाहीं. ती किती वेगानें बाहेर पडते हेंही पाहावें लागतें. १९४७ सालीं फ्रान्समध्यें तिफनो आणि पिनेली यांनीं पहिल्या एका सेकंदांतील हवा मोजण्याचा मार्ग दाखविला. याचें मर्म समजण्यास लोहाराचा भाता आणि चुलीपाशीं असणारी फुंकणी डोळ्यांपुढें आणा. फुप्फुसें हा भाता, श्वासनलिका ही फुंकणी. फुंकणींत राख अडकली तर हवा निघते, पण रखडत निघते. भात्याचें कातडें ताठरलें तर हवा झटकन् निघते, पण मुळांतच थोडी असते. दम्यांत नलिका आकुंचन पावतात, धुरानें होणाऱ्या जुनाट विकारांत त्या कायमच्या अरुंद होतात. हा झाला फुंकणीचा दोष. सिलिकेच्या धुळीनें फुप्फुसांत व्रण पडून तीं आक्रसतात, तेव्हां दोष बहुधा भात्याचा असतो. धांप दोन्हींत सारखीच. उपाय मात्र निराळे.

निरोगी प्रौढ मनुष्य एकंदर हवेचा सुमारें तीनचतुर्थांश भाग पहिल्या सेकंदांत बाहेर टाकतो. हें प्रमाण शेंकडा ७० च्या खालीं गेलें कीं डॉक्टरांस अडथळ्याचा संशय येतो. मग नलिका मोकळ्या करणारें औषध हुंगावयास देऊन पंधरा-वीस मिनिटांनीं परीक्षा पुन्हां करतात. आंकडा चांगलाच सुधारला तर रोख दम्याकडे जातो. प्रमाण सत्तरांखालींच राहिलें तर जुनाट अडथळ्याचा विकार बहुधा ठरतो.

हें सारें आपल्या सिंधुदुर्गास लागू कसें? ऐका. पावसाळ्यांत ओलीं लाकडें, वाळलेलीं चुडतें आणि करवंट्या यांच्या धुरांत आपल्या आयाबहिणींनीं जन्म काढला. कासार्ड्याच्या बाजूस सिलिका वाळूच्या खाणी आहेत, ठिकठिकाणीं चिरेखाणी आहेत. विडी न ओढणाऱ्यासही हा जुनाट विकार होतो, आणि चुलीचा धूर त्याचें एक मोठें कारण आहे, हें पुण्याचे डॉ. संदीप साळवी व लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनीं २००९ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत विस्तारानें मांडलें.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याच्या आईचें उदाहरण सांगतों. बाईंनीं विडीस कधीं हात लावला नव्हता. धांप लागे म्हणून त्या वर्षानुवर्षें बिनांवाच्या पुड्या घेत. पुडीनें चार दिवस बरें वाटे. परंतु रक्तांत साखर वाढली, हाडें ठिसूळ झालीं. पुढें डॉक्टरांनीं सांगितलें कीं त्या पुड्यांत स्टेरॉइड असावें. श्वासाची परीक्षा झाली तेव्हां औषधानंतरही आंकडा हलला नाहीं. विकार चुलीच्या धुराचा ठरला. पुड्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीं हळूहळू सुटल्या, स्वयंपाकघरांत गॅस आला, हुंगण्याचें औषध सुरू झालें, रोजचें चालणें सुरू झालें. गेलेली शक्ति परत आली नाहीं. पण त्या आतां विहिरीपर्यंत न थांबतां जातात. हीच परीक्षा दहा वर्षें आधीं झाली असती तर केवढें वांचलें असतें! फुप्फुसांपाशीं राखीव शक्ति पुष्कळ असते. म्हणूनच बरीचशी खर्ची पडेपर्यंत मनुष्यास पत्ता लागत नाहीं.

आलेला आंकडा वय, उंची आणि लिंग पाहून ताडतात. युरोपियनांचीं मापें आपणांस जशींच्या तशीं लावणें योग्य नाहीं, म्हणून मुंबईचे डॉ. एस्. आर्. कामत व त्यांचे सहकारी यांनीं १९७७ सालीं भारतीयांचीं प्रमाणमापें प्रसिद्ध केलीं. परीक्षेचें यश रुग्णाच्या जोरावर अवलंबून असतें. छाती पूर्ण भरून, ओंठ घट्ट मिटून, एकदम जोरानें आणि शेवटपर्यंत फुंकलें पाहिजे, आणि तेंही निदान तीन वेळां. नुकताच हृदयविकाराचा झटका आला असेल, डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल, अथवा थुंकींतून रक्त पडत असेल, तर तें आधीं सांगावें. दोन आठवडे खोकला असल्यास प्रथम क्षयासाठीं थुंकी तपासून घ्यावी.

दमेकऱ्यांसाठीं एक लहान साधनही आहे. मार्टिन राइट यांनीं १९५९ सालीं पुढें आणलेल्या पीक-फ्लो मीटरचे छोटे प्रकार आज घरीं वापरतां येतात. रोज सकाळ-संध्याकाळ फुंकून आंकडा वहींत टिपावा. आपल्या सर्वोत्तम आंकड्याच्या शेंकडा ८० च्या वर असाल तर निर्धास्त असा. ८० ते ५० यांत डॉक्टरांनीं लिहून दिल्याप्रमाणें औषध घ्या. ५० च्या खालीं गेल्यास क्षणाचाही विलंब न करतां दवाखाना गांठा. पुष्कळदां छातींत घरघर सुरू होण्यापूर्वींच हा आंकडा उतरूं लागतो.

अर्थात् यंत्र म्हणजे वैद्य नव्हें. दमा नसेल त्या दिवशीं दमेकऱ्याचा आंकडाही चोख येतो. म्हणून एका परीक्षेवरून कोणीं निष्कर्ष काढूं नये. परंतु आपल्या घरांत कोणी जिना चढतां थांबत असेल, चुलीपुढें बसून खोकत असेल, तर 'वय झालें' म्हणण्यापूर्वीं डॉक्टरांस एवढेंच विचारा कीं, यांचा श्वास एकदां मोजून पाहावा काय? दम धरावयास सांगणें सोपें आहे. तो किती उरला आहे हें आधीं पाहणें अधिक शहाणपणाचें.