युद्धविरोधी गीतांची जन्मकथा

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



अहिंसेचे तत्त्वज्ञान सांगण्याचा माझा अधिकार नाही. ते कार्य पूज्य मुनिवर्यांचे आणि विद्वानांचे. मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकविले आणि मुलांकडून समूहगीते बसवून घेतली. म्हणून गाण्यांच्या वाटेनेच या विषयाकडे जावे, असे मी ठरविले.

प्रारंभी एक कबुली देतो. ‘हम होंगे कामयाब’ हे गीत मी वर्षानुवर्षे मुलांकडून म्हणवून घेतले. एके दिवशी सातवीतील एका मुलीने विचारले, “सर, हे गाणे म्हणून आपल्याला कोणाला जिंकायचे आहे?” मी सहज म्हणालो, “परीक्षेला!” सगळा वर्ग हसला, ती मात्र हसली नाही. ते वर्ष १९९९ होते आणि तिचे वडील सैन्यात होते. तिला खरे उत्तर हवे होते आणि ते माझ्यापाशी नव्हते. त्या दिवसापासून मी गाण्यांची कुळे शोधू लागलो.

या गीताचे हिंदी शब्द कवी गिरिजाकुमार माथुर यांचे. मूळ गीत अमेरिकेतील ‘वी शॅल ओव्हरकम’. त्याचे एक मूळ चार्ल्स टिंडली या कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाच्या विसाव्या शतकाच्या आरंभीच्या स्तोत्रात सांगितले जाते. त्या स्तोत्रात ‘मी’ आहे; संकटांतून आणि मोहांतून एक दिवस मी पार होईन, असा त्याचा भाव आहे. पुढे १९४५ साली साउथ कॅरोलिना राज्यातील चार्ल्सटन येथे तंबाखू कारखान्यातील कामगारांनी संप पुकारला. त्यांत कृष्णवर्णीय स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. संपाच्या ठिकाणी उभ्या राहून त्या हे गीत संथ लयीत म्हणत आणि त्यांच्या मुखी ‘मी’चे ‘आम्ही’ झाले. टेनेसीमधील हायलँडर या लोकशाळेत झिल्फिया हॉर्टन यांनी ते जतन केले, पीट सीगर यांनी ते गावोगावी नेले आणि १९६० साली गाय कॅरावान यांनी ते वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकविले. पोलिसांच्या लाठ्यांसमोर हातात हात गुंफून, हात न उगारता म्हणावयाचे हे गीत ठरले.

आणखी एक गोष्ट या सभेत आवर्जून सांगितली पाहिजे. ज्यांच्या नावावर या गीताचे हक्क नोंदले गेले, त्यांनी त्याचे मानधन स्वतःजवळ ठेवले नाही. ते एका निधीत जमा होऊन दक्षिणेतील कृष्णवर्णीयांच्या कलाकार्यासाठी खर्च होत राहिले. २०१८ साली न्यायालयीन तडजोडीनंतर हे गीत सर्वांसाठी खुले झाले.

दुसरे गीत फुलांचे आहे, ‘व्हेअर हॅव ऑल द फ्लॉवर्स गॉन’. मिखाईल शोलोखोव्ह यांच्या डॉन नदीकाठच्या कॉसॅक लोकांवरील विख्यात कादंबरीत एका जुन्या लोकगीताचा उल्लेख येतो. फुले कोठे आहेत, मुली कोठे आहेत, पुरुष कोठे आहेत, अशा प्रश्नोत्तरांचे ते गीत. सीगर यांनी ते वाचून आपल्या वहीत टिपून ठेवले होते. १९५५ साली ओहायोतील एका महाविद्यालयाच्या कार्यक्रमासाठी विमानाने जात असता त्यांना ते टिपण आठवले आणि गीत तयार झाले. त्याच वर्षी त्यांना आपल्या राजकीय मतांबद्दल अमेरिकन संसदेच्या चौकशी समितीपुढे उभे राहावे लागले होते. तेथे त्यांनी उत्तरे देण्यास नकार दिला आणि त्यापायी पुढे अनेक वर्षे खटल्याचा ससेमिरा सोसला.

सीगर यांची कडवी तीनच होती. फुले मुलींनी खुडली, मुली विवाह करून गेल्या, पुरुष सैन्यात गेले, येथे गीत थांबत होते. १९६० साली जो हिकरसन या तरुण गायकाने त्यात भर घातली. सैनिक थडग्यांत गेले आणि थडग्यांवर पुन्हा फुले उमलली. वर्तुळ पूर्ण झाले. ही एक भर पडली नसती, तर ते गोड विरहगीतच राहिले असते, असे मला वाटते. आता ते विचारते की ही चूक पिढ्यान्‌पिढ्या किती वेळा व्हावयाची? गीतात शत्रूचे नाव नाही, देशाचे नाव नाही, निषेधाचा एक शब्द नाही. म्हणूनच १९६२ साली मार्लीन डीट्रिच यांनी ते जर्मन भाषेत गायिले, तेव्हा दोन महायुद्धांत होरपळलेल्या त्या देशालाही ते आपलेसे वाटले.

तिसऱ्या गीताचे नशीब विलक्षण आहे. ‘लिली मार्लीन’ ही कविता हान्स लाइप या जर्मन सैनिकाने १९१५ साली आघाडीवर जाण्यापूर्वी लिहिली. बराकीच्या फाटकापाशी दिव्याखाली भेटणाऱ्या प्रेयसीची ती आठवण. १९३८ साली तिला चाल लागली, १९३९ साली लाले अँडरसन यांच्या आवाजात ध्वनिमुद्रिका निघाली. पण ती फारशी खपली नाही. १९४१ साली जर्मनांच्या ताब्यातील बेलग्रेड नभोवाणीवरून ती रात्री वाजू लागली आणि आफ्रिकेच्या वाळवंटात समोरासमोर ठाकलेले जर्मन व ब्रिटिश सैनिक एकच गीत कान देऊन ऐकू लागले. कवीने युद्धाविरुद्ध अक्षरही लिहिले नव्हते. तरीही गोबेल्स यांना ते खटकले, कारण घराची आठवण झालेला माणूस शत्रूचा द्वेष करण्यात कमी पडतो.

बंधू-भगिनींनो, भरत-बाहुबलींची कथा आपण बालपणापासून ऐकतो. दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी असता मंत्र्यांनी सुचविले की निवाडा दोघा भावांनीच करावा, निरपराधांचे रक्त का सांडावे? दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध झाले. बाहुबली जिंकले आणि जिंकलेले सारे सोडून तपाला निघाले. ‘जिन’ या शब्दाचा अर्थच मुळी जिंकणारा, स्वतःला जिंकणारा.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे सापडले. टिंडली यांच्या स्तोत्रातील ‘मी’ला स्वतःची दुर्बलता जिंकावयाची होती, चार्ल्सटनच्या स्त्रियांना अन्याय जिंकावयाचा होता, अन्याय करणाऱ्या माणसाला मारावयाचे नव्हते. ते गीत कोणा माणसाला हरविण्यासाठी नाही. हे उत्तर मला मिळाले, तोवर ती शाळा सोडून गेली होती. तिला ते देता आले नाही, ही खंत आजही आहे.

म्हणून एक नम्र विनंती. आपल्या पाठशाळेत, शाळेत, घरी मुलांना गाणी जरूर शिकवा. पण सोबत ती कोठून आली, कोणी सोसून ती आपल्यापर्यंत आणली, हेही दोन वाक्यांत सांगा. चाल मुले एका तासात उचलतात. अर्थ मात्र मोठ्यांनीच द्यावा लागतो, आणि मुलांनी विचारले की लगेच द्यावा लागतो.